‘उघड कशाला?’ या प्रश्नाविषयी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

समलिंगी व्यक्तींविषयी वर्तमानपत्रात काहीही छापून आले की पुढच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एक वाक्य हमखास येते : ‘चार भिंतींच्या आत त्यांनी हवे ते करावे, पण त्याचा उघड गवगवा कशाला?’ हे वाक्य लिहिणारे दुष्ट नसतात. उलट आपण पुष्कळ उदार आहोत असेच त्यांना वाटत असते, आणि तीस वर्षांपूर्वीच्या मानाने ते आहेतही. म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते. मी समलिंगी पुरुष आहे. वय ५३, पेशा हिशेबनिसाचा. एकाच जोडीदाराबरोबर गेली १९ वर्षे एका घरात राहतो आहे. त्यांतली पहिली अकरा वर्षे मी चार भिंतींच्या आत काढली आणि नंतरची आठ त्यांच्याबाहेर, तेव्हा दोन्ही बाजूंची जमाखर्चाची वही माझ्याकडे आहे.

‘उघडपणे जगणे’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सप्तरंगी झेंडे आणि मोर्चे येतात. मोर्च्यांना माझा विरोध नाही, मात्र माझा स्वभाव त्यात चालण्याचा नाही. शिवाय मोर्चा वर्षातून एखाद्या दिवशी निघतो. उरलेल्या दिवसांत उघडपणे जगणे म्हणजे सोमवारी सकाळी सहकाऱ्याने ‘काल सुट्टीत काय केलंत?’ असे विचारल्यावर डोक्यात आकडेमोड न करता उत्तर देता येणे. ज्याला ही आकडेमोड कधी करावी लागलेली नाही, त्याला हे फारच क्षुल्लक वाटेल याची मला कल्पना आहे.

आकडेमोड कशी असते ते सांगतो. आपल्या भाषेत क्रियापदाला लिंग चिकटलेले असते. ‘आला’ म्हटले तरी कळते, ‘आली’ म्हटले तरी कळते. त्यामुळे घरी कोण आहे हे लपवून घराविषयी बोलणे मराठीत फार अवघड आहे. पण गरज पडली की व्याकरणातल्या पळवाटाही सापडतात. ‘सिनेमा पाहिला’ म्हणताना क्रियापद सिनेमाच्या मागे जाते आणि पाहणारे किती जण होते, कोण होते, हे कळत नाही. ‘घरून निघालो’ हे पुरुषाच्या तोंडी एकट्यासाठीही तेच आणि दोघांसाठीही तेच, ऐकणाऱ्याने हवे ते समजावे. आणि अगदीच अडचण आली तर नपुंसकलिंग मदतीला येते : ‘घरातलं माणूस आजारी आहे.’ शाळेत व्याकरणात मी जेमतेम पास होत असे, पण ती अकरा वर्षे मी कर्मणी आणि भावे प्रयोगांत एखाद्या पंडितासारखा वावरलो.

एकदा जोडीदाराला कावीळ झाली होती. रजा मागताना मी हेच नपुंसकलिंगी माणूस पुढे केले. एका सहकाऱ्याने काळजीने विचारले, ‘कोण, आई का?’ मी मान डोलावली. पुढचे तीन आठवडे सारा विभाग माझ्या आईच्या प्रकृतीची चौकशी करत राहिला. कोणी पथ्य सांगितले, कोणी वैद्य सुचवले. आई ठणठणीत होती आणि दुसऱ्याच गावी होती. शेवटी एका शुक्रवारी मीच तिला बरी करून टाकली. आज हे लिहिताना हसू येते, पण त्या तीन आठवड्यांत, घरी जोडीदाराचा ताप मोजून कार्यालयात आलेल्या मला, तो कसा आहे हे एकदाही कोणी विचारले नव्हते. विचारणार तरी कसे? त्यांच्या लेखी तो नव्हताच.

इतर मंडळी मात्र दिवसभर उघडपणे जगत असतात आणि त्याचा त्यांना पत्ताही नसतो. टेबलावर मुलांसह काढलेला फोटो असतो. कोणत्याही बेताचा विषय निघाला की ‘थांब, हिला विचारून सांगतो’ असे उत्तर येते. ‘ही’ आणि ‘हे’ या दोन सर्वनामांत मराठी माणसाचा अख्खा संसार मावतो. नाव घ्यावे लागत नाही, नाते सांगावे लागत नाही, समोरच्याला सारे आपोआप समजते. असे म्हणणारा माणूस आपली लैंगिकता चव्हाट्यावर मांडतो आहे, असे कोणी म्हणत नाही. तो फक्त घराविषयी बोलतो आहे, असेच सगळे समजतात आणि ते बरोबरच आहे. माझे म्हणणे इतकेच, की ‘ह्याला विचारून सांगतो’ असे मी म्हणालो तर मीही फक्त घराविषयीच बोलत असतो.

‘आत काहीही करा, बाहेर बोलू नका’ ही तडजोड कागदावर मोठी समंजस दिसते. ती प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायचे असेल तर एक सरकारी दाखला उपलब्ध आहे. अमेरिकेच्या लष्करात १९९३ पासून २०११ पर्यंत नेमके हेच अधिकृत धोरण होते : आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. हे धोरण आणणाऱ्यांनाही ते मध्यममार्गी आणि दयाळू वाटले होते. त्या काळात तेरा हजारांहून अधिक सैनिकांना लष्करातून काढण्यात आले. ‘सांगू नका’ याचा अर्थ प्रत्यक्षात किती लांबतो, हे त्यांना अनुभवाने कळले. जिवलगाला लिहिलेले पत्र म्हणजे सांगणे झाले, विश्वासाने मित्राजवळ काढलेला एखादा उद्गारही सांगणेच झाला. गप्प राहण्याची अट एका विषयापुरती कधीच राहत नाही. ती पत्त्यापर्यंत जाते, फोनच्या यादीपर्यंत जाते, आपण आजारी पडलो तर कोणाला कळवायचे या रकान्यापर्यंत जाते.

रशियाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथे पुरुषांमधील समलिंगी संबंध १९९३ मध्ये गुन्ह्यांच्या यादीतून निघाले. २०१३ मध्ये मात्र अल्पवयीनांसमोर या विषयाच्या ‘प्रचारा’वर बंदी आली, २०२२ च्या अखेरीस ती सर्व वयांसाठी लागू झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ नावाची, कोठेही नोंदणी नसलेली, गोष्ट अतिरेकी ठरवली. संबंध ठेवणे हा गुन्हा नव्हता, त्यांविषयी बोलणे हा होत गेला. चार भिंतींची सवलत मिळाल्यावर बाकीचे आपोआप मिळत जाते असे मानणाऱ्यांनी हा क्रम एकदा नजरेखालून घालावा.

आपल्याकडचा इतिहास बहुतेक वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ इंग्रजांनी आणले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरते ते रद्द ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ते संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने क्षमा मागायला हवी, असे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालात नमूद केले होते. त्यांनी कुटुंबीयांचाही उल्लेख केला, याचे मला विशेष वाटते. त्याविषयी पुढे लिहितो. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की हा निकाल केवळ खासगीपणाच्या हक्कावर उभा नाही. समानता, प्रतिष्ठा आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य हेही त्याचे आधार आहेत. म्हणजे चार भिंतींपाशी थांबा, असे न्यायालयाने सांगितलेले नाही. ते आपले आपण ठरवले आहे.

विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मिळाला नाही. तो प्रश्न कायदेमंडळाचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. मध्यंतरी, ऑगस्ट २०२४ मध्ये, आमच्यासारख्या जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून नोंदवण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले. (हिशेबनीस म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो : असे नाव नोंदवले म्हणजे तो माणूस कायदेशीर वारस झाला असे नव्हे, त्यासाठी मृत्युपत्र करावेच लागते. लग्न झालेल्यांनीही हे ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.)

मी स्वतः चार भिंतींबाहेर का आलो, याचे कारण एका रुग्णालयातील छापील अर्ज हे आहे. जोडीदाराच्या पोटात रात्री असह्य दुखू लागले आणि पहाटे शस्त्रक्रिया ठरली. खिडकीपाशी दोरीने बांधलेले पेन होते आणि ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. मी ‘मित्र’ लिहिले. खिडकीतल्या बाईंनी, अगदी सौजन्याने, सांगितले की मित्र चालत नाही, रक्ताचे नाते लागते. मी ते खोडून ‘भाऊ’ लिहिले. त्यांनी दोघांची आडनावे पाहिली, क्षणभर थांबल्या आणि स्वतःच मार्ग काढला : ‘मावसभाऊ लिहू का?’ मी हो म्हणालो.

दुपारपर्यंत मी मावसभाऊ होतो. मग जोडीदाराचा सख्खा भाऊ परगावाहून आला आणि माझे तेही पद गेले. डॉक्टर बोलायला बाहेर आले ते त्याच्याशी बोलले. जोडीदाराला कोणते औषध सोसत नाही, त्याच्यावर आधी कोणते उपचार झाले होते, याची माझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी माझ्या खिशात होती. भाऊ मात्र डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला ‘विचारून सांगतो’ म्हणत होता आणि विचारायला माझ्याकडेच येत होता. त्याला मी भाडे वाटून घेणारा म्हणून माहीत होतो. तो सज्जन माणूस आहे, त्याने मला चहा विचारला, माझे आभारही मानले. परक्याचे मानतात तसे मानले. त्या दिवशी कोणीही माझ्याशी वाईट वागले नाही. आमच्या गुपिताने त्या सगळ्यांना माझ्याशी बरोबर वागणे अशक्य करून ठेवले होते.

त्यानंतर महिन्याभरात मी आईला सांगितले. आम्हा समलिंगी मंडळींत एकमेकांना विचारण्याचा प्रश्न ठरलेला असतो : ‘घरी सांगितलंस का?’ काय सांगितले, हे बोलावे लागत नाही. आई रडेल, देव पाण्यात ठेवेल, मला डॉक्टरकडे नेईल, अशी माझी तयारी होती. ती चिडली, पण भलत्याच कारणाने. इतकी वर्षे नातलगांत तिने माझ्याविषयी ‘तो विरक्त आहे, त्याला संसारात गोडी नाही’ असे सांगून माझी बाजू राखली होती. ती म्हणाली, ‘म्हणजे एवढी वर्षं तू मला खोटं बोलायला लावलंस.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

या बाबीविषयी आमच्या चळवळीतही पुरेसे बोलले जात नाही, असे माझे मत आहे. आपण सांगतो तेव्हा आपल्या छातीवरचा दगड उतरतो, पण तो हवेत विरत नाही. तो आईच्या पदरात पडतो. आता कोणाला सांगायचे, कोणापासून लपवायचे, हे तिला ठरवावे लागते. आपल्याला सांगायला पंचेचाळीस वर्षे लागली आणि तिने मात्र आठ दिवसांत हसतमुखाने स्वीकारावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. माझ्या आईने आपल्या सख्ख्या बहिणीला सांगायला दोन वर्षे घेतली. त्या दोन वर्षांत तिने किती कर्मणी प्रयोग केले असतील, ते तिचे तिलाच ठाऊक.

ज्या आईवडिलांना असे काही नुकतेच कळले आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण या वळणावर पैसा, वेळ आणि मूल तिन्ही वाया जाण्याचा धोका असतो. समलिंगी असणे हा आजार नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तो आपल्या आजारांच्या यादीतून काढला. भारतात, ‘बरे करण्याच्या’ नावाखाली होणारे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर, जाहीर केले आहे. मुलाला बदलून देतो असे जो कोणी म्हणेल, त्याच्या दारात पाऊल टाकू नये.

सहकाऱ्यांना मी जाहीर असे काही सांगितले नाही. एका सोमवारी विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले, एवढेच. दोघा-तिघांनी नंतर माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले, एकाने फार मोठ्याने पाठिंबा दिला आणि तोही थोडा अवघड गेला. पण एक वयस्क सहकारी आहेत, कमालीचे कर्मठ, ज्यांच्याशी या विषयावर माझे कधी पटलेले नाही आणि पटणारही नाही. सहा महिन्यांनी एकदा मी उशिरा आलो, तेव्हा त्यांनी वहीतून डोके वर न काढता विचारले, ‘घरातलं माणूस बरं आहे ना?’ मी ज्या शब्दामागे अकरा वर्षे लपलो होतो, तोच शब्द त्यांनी मला सवलतीने परत दिला होता. दुसरा शब्द त्यांच्या तोंडून निघणे शक्य नव्हते आणि मला तो नको होता. त्यांचे मत बदललेले नाही. ते बदलावे अशी माझी अटही नाही.

एवढे लिहिल्यावर कोणी असे समजू नये की प्रत्येकाने उठून सांगावे, असा माझा आग्रह आहे. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये घरी चोरी झाल्याची तक्रार पोलिसांकडे दिली आणि चौकशीत आपले एका पुरुषाशी संबंध असल्याचे सरळपणे सांगितले. चोरी बाजूला राहिली, खटला त्यांच्यावरच चालला. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे इंजेक्शन घ्यावे लागले आणि दोन वर्षांनी त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटनने त्यांना क्षमादान दिले ते २०१३ मध्ये. आजही साठहून अधिक देशांत हे संबंध गुन्हा आहेत. कायदा अनुकूल असला तरी ज्या मुलाचे शिक्षण आणि डोक्यावरचे छप्पर वडिलांच्या मर्जीवर आहे, त्याला ‘धीट हो, सांगून टाक’ असा सल्ला सुरक्षित घरात बसून देणे हा मला बेजबाबदारपणा वाटतो. कधी सांगायचे, कोणाला, आणि सांगायचे की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवावे. दुसऱ्याने परस्पर सांगणे तर अक्षम्यच. मग हेतू कितीही चांगला असो.

‘आपला समाज अजून तयार नाही’ हा शेवटचा मुद्दा. तो खोडसाळ नाही, पण जुना मात्र फार आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले तेव्हा वाचक त्यांना आपले लैंगिक प्रश्न लिहून पाठवत आणि ते त्यांना छापील उत्तरे देत. म्हणजे प्रश्न मराठीत विचारले जात होतेच, बाहेरून आलेले नव्हते. त्याबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. तो खटला ते हरले. समाज तेव्हाही तयार नव्हता, आणि तरीही कर्वे १९५३ पर्यंत, मृत्यूपर्यंत, अंक काढत राहिले. आयर्लंडसारख्या कर्मठ कॅथलिक देशात १९९३ पर्यंत समलिंगी संबंध गुन्हा होते. २०१५ मध्ये तेथील सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. मधल्या २२ वर्षांत तेथील लोकांचा धर्म बदलला नव्हता. त्यांना आपापल्या घरात आणि शेजारात कोण राहते हे कळले होते, आणि ते कळले ते कोणीतरी सांगितले म्हणून.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी अर्थातच ‘ह्याला’ विचारले. त्याने ते दोनदा वाचले, कावीळ नव्हे तर टायफॉइड होता अशी दुरुस्ती सुचवली (ती मला मान्य नाही) आणि मग म्हणाला, ‘तुझं नाव छापलं म्हणजे माझंही छापल्यासारखंच आहे.’ त्याने अजून घरी सांगितलेले नाही. त्याची आई ८४ वर्षांची आहे. ती आपले वर्तमानपत्र भिंगातून वाचते आणि सुरुवात वाचकांच्या पत्रांपासून करते. माझे नाव तिला चांगले ठाऊक आहे.

तेव्हा आपल्या नियमानुसार माझे नाव आणि पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. तो आपल्यापाशीच ठेवावा आणि पत्राखाली छापू नये, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक